जयवंताबाईच्या डब्यातली मूठ

तुमच्या घरचं तिखट कोण कांडतं, सांगता येईल? दुकानाची पाटी विचारत नाही, माणूस विचारतो आहे. आणि ज्या बाईच्या हातून तुमचं वर्षभराचं तिखट जातं, तिला तुमचं नाव माहीत आहे का? नसेल तर तुम्ही तिचे गिऱ्हाईक कशावरून? पैसे दिले म्हणून? पैसे तर हल्ली फोन देतो. तुम्ही फोन समोर धरता, दुकानातली पेटी पैसे आल्याचं बोलते, तुम्ही पिशवी उचलता आणि चालू लागता. मला त्या पेटीविषयी बोलायचं आहे. पण पेटीत माणूस नसतो, म्हणून आधी माणसाची ओळख करून देतो.

वर्ध्याजवळच्या आंजी मोठीत बसमधून उतरून गावात शिरलं की जयवंताबाईचं दुकान दिसण्याआधी शिंक येते. फाल्गुन लागला की त्या वळणावर गावातली कुत्रीसुद्धा थांबत नाहीत. टिनाचं शेड, समोर कडुनिंब, निंबाखाली बायांची रांग, प्रत्येकीचा पदर नाकाला. आत जुनं कांडप यंत्र, त्याची दोन लोखंडी मुसळं आळीपाळीने धबधब करत असतात. आता गरगर फिरणारी मोठी मशीन निघाली आहेत, बघता बघता भुकटी करून देतात. जयवंताबाई त्यांना मानत नाही. त्या मशीनमध्ये तिखट भाजून निघतं, कांडून नाही, असं तिचं म्हणणं. ते खरं की खोटं ते मला विचारू नका, मी वर्षानुवर्षं तिच्याकडचंच खातो.

बाई मूळची अल्लीपूरची. बापाची पिठाची चक्की होती, घराला लागूनच. चक्कीच्या आवाजात झोपायची सवय, म्हणून लग्न होऊन आंजीला आल्यावर शांततेने तिची झोप उडाली, असं तिचा नवरा रूपराव सांगतो. तो वावरात, ही घरात, असं काही वर्षं चाललं. मग बचत गटातल्या बायांनी हिंमत दिली आणि हिने कुठल्याशा बंद पडलेल्या कांडपाचं यंत्र उचलून आणलं. रूपरावने शेड उभं करून दिलं, पहिल्याच दिवशी शिंकत शिंकत वावराकडे पळाला, तो आजही हंगामात दुकानाकडे फिरकत नाही. जयवंताबाई मात्र त्या धुराळ्यात पदर न लावता उभी असते.

तिची कामाची तऱ्हा साधी आहे. मिरची आली की त्यातली एक उचलते, कानाशी नेऊन मोडते. कडक वाजली तर आत, नाही तर परत. "अजून एक ऊन दाखव, मंग आन." नंतर विचारते, घरात खाणारं कोण कोण आहे. बाळंतीण असेल, म्हातारा पोटाने बेजार असेल, तर धणे वाढवायला सांगते. आणि सगळं कांडून चाळून झालं की तिखट पिशवीत भरण्याआधी खांबाजवळचा पत्र्याचा डबा त्या बाईपुढे धरते.

हा डबा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घरची बाई आपल्या तिखटातली एक मूठ आपल्याच हाताने त्या डब्यात टाकते. जयवंताबाई हात लावत नाही. हंगामभर प्रत्येक घराची मूठ त्यात पडते आणि हनुमान जयंतीच्या महाप्रसादाची आलू-वांग्याची भाजी त्या डब्यातल्या तिखटाची होते. ज्या दोन जावा वर्षभर एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, त्यांच्याही मुठी त्या डब्यात एकमेकींना चिकटून बसतात. फक्त ज्या घरी सुतक असेल, त्या घरच्या बाईपुढे डबा धरत नाहीत. एवढा एकच नियम. बाकी कोणाची मूठ मोठी, कोणाची लहान, यावर बाया हसतात, टोमणे मारतात, पण मोजत कोणी नाही.

तर या दुकानात संक्रांतीच्या सुमारास पेटी आली.

पेटी घेऊन आला आदेश. जवळच्याच गावचा, कंपनीचा टी-शर्ट घातलेला, बोलायला गोड. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, आमची पेटी तर दुसऱ्या रंगाची आहे, आणि सुटाल. आदेशने सांगितलं की काकू, सुट्ट्या पैशांची कटकट संपली समजा. शिवाय किती किलो कांडलं ते टाकलं की पैसे आपोआप निघतील, गिऱ्हाइकाला पावती जाईल, दुकानाला तारे मिळतील, तारे वाढले की गिऱ्हाईक वाढेल. जयवंताबाईची मुलगी सुरभी वर्ध्याला कॉलेजात शिकते, तिलाही ते पटलं. आणि खरं बोलायचं तर सोय झालीच. सुट्ट्यावरून होणारी चिडचिड थांबली. मी स्वतः म्हणालो होतो, ठेव.

पण आंजीत फोनने पैसे देणं म्हणजे काय, ते कंपनीला माहीत नव्हतं आणि आम्हाला इतकं सवयीचं होतं की सांगायचं सुचलं नाही. मिरची बाई आणते. तिच्याकडे साधा फोन, पैसे देणारा फोन मुलाचा असतो, नवऱ्याचा असतो, पुण्याला नोकरीला गेलेल्या लेकाचा असतो. बाई दुकानातून हाक मारल्यासारखी फोन लावते, "रोशन, जयवंतामावशीले पैसे टाक रे," आणि तो तिकडे ऑफिसात बसून टाकतो. पेटी बोलते. दुकानात उभी असलेली त्याची आई सुलोचना, कंपनीच्या लेखी मात्र गिऱ्हाईक रोशन. त्याने जयवंताबाईचं दुकान शेवटचं पाहिलं ते बहुधा दहावीच्या सुट्टीत.

होळी झाली, रांग लागली. आणि एके दिवशी पेटी मुकी झाली. पैसे जात होते, पण जमा होत नव्हते. सुरभीने फोन उघडून पाहिलं आणि आईला काही न सांगता मला फोन केला, कारण तालुक्यातल्या छोट्या दुकानदारांची संघटना मी चालवतो आणि माझा आवाज मोठा आहे हे तिला माहीत आहे. मी गेलो. फोनवर दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: वजनात तूट. ग्राहकाची तक्रार मान्य. ग्राहकाला काही पैसे परत गेले होते, बाकीची जमा चौकशीपर्यंत अडवली होती, तारे गळाले होते. तक्रार करणाऱ्याच्या नावाच्या जागी फुल्या.

जयवंताबाईने ते दोनदा वाचायला लावलं. पैशाचं काही बोलली नाही. म्हणाली, "हे सगळ्यायच्या फोनवर दिसते का?"

दिसतं. दुकान शोधणाऱ्या प्रत्येकाला दिसतं.

ती उठली, काट्यावर वजनं ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. तरी वजनं उतरवून पुन्हा ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वर्ध्याला गेलो. स्टेशनकडच्या रस्त्यावर एका मोबाईलच्या दुकानाच्या माडीवर कंपनीचं ऑफिस. तिथे देवेंद्र नावाचे साहेब होते, चाळिशीचे, नम्र. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. अशा माणसाशी भांडता येत नाही, याचा मला फार राग येतो.

जयवंताबाईने हात जोडून एवढंच विचारलं की तक्रार कोणाची आहे ते सांगा, मी त्यांच्या घरी जाऊन तिखट भरून देते. साहेब म्हणाले, ग्राहकाची माहिती देता येत नाही.

"माह्याच गिऱ्हाइकाची माहिती माह्यापासून लपवून राह्यले तुमी?"

"ताई, मिरची घेऊन येते तोवर ती तुमची गिऱ्हाईक. पैसे आमच्याकडून भरले की ती आमची ग्राहक होते. नियम तसाच आहे."

मी मधे पडलो. आवाज चढला असेल, कारण शेजारच्या टेबलावरची मुलगी टाइप करायची थांबली. मी म्हणालो, ज्या बायांना ही नावाने, माहेराने, पोटदुखीसकट ओळखते, त्यांना तुम्ही फुल्या मारून हिच्यासमोर ठेवता. साहेब शांतपणे म्हणाले, "आणि एखादा दुकानदार खरंच कमी तोलत असेल तर? त्याला गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन तमाशा करेल. गरीब माणसाने तक्रार करायची कशी?"

प्रश्न खोटा नव्हता. अशा दुकानदारांशी मी भांडलेलो आहे आणि गिऱ्हाइकाचं नाव लपवूनच भांडलेलो आहे.

जयवंताबाईने दुसरी वाट काढली. नाव नका सांगू, पण माझ्याकडे ज्यांनी ज्यांनी फोनने पैसे दिले त्यांना माझा एक निरोप द्या, की काही कमी वाटलं असेल तर सरळ माझ्याकडे या. साहेबांना हे आवडलं. अशी सोय आहे, म्हणाले. महिन्याची रक्कम भरली की तुमच्या दुकानाचा निरोप सगळ्यांच्या फोनवर जाईल.

तिला कळायला क्षणभर लागलं. मग ती म्हणाली, "म्हंजे मले माह्या बायांशी बोलाले तुमाले पैसे द्या लागन."

साहेबांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. मी टेबलावर हात आपटणार, एवढ्यात तिने माझी बाही धरली. पाणी पिऊन आम्ही उतरलो.

परतीच्या बसमध्ये मी योजना सांगत होतो. उद्यापासून घरोघरी जायचं, विचारायचं, कोणाच्या घरातून तक्रार गेली ते आठ दिवसांत काढतो. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"तानबाभाऊ, मी एकीले जरी इचारलं ना, का तूनं तक्रार केली का म्हनून, तर सगळ्या दारायपासून मी तुटून जाईन. ज्यायनं नाई केली थे मले कधी माफ करनार नाईत."

मग जरा वेळाने, बस पुलावरून जात असताना: "पन आता कोनी मिरची घेऊन आली का मी तिच्या तोंडाकडं पाहून राह्यली. हीच का, हीच का. असं कधी नव्हतं होत."

माझ्या मते नुकसान झालं ते इथे. पैसे अडले ते सुटतील. पण ज्या बाईने प्रत्येक गिऱ्हाइकाकडे पाहून घरात कोण आजारी आहे ते विचारायचं, ती आता चोर शोधत होती, आणि तोही बायांच्या नकळत बायांमध्येच. कंपनीने गिऱ्हाईक पळवलं नाही. गिऱ्हाईक समोर उभंच होतं. मधे फक्त एक फुली ठेवली.

तूट कुठून आली असेल याचा तिने स्वतःच विचार केला. मिरची कांडली की थोडी घट येते, ओल उडते, धुराळा उडतो, देठ-कचरा चाळणीत राहतो. ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर डब्यातली मूठ. मूठ म्हणजेच तूट, असं तिने ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून डबा उचलून आत, धान्याच्या कोठीमागे ठेवला. कोणाची मूठ नको, कोणाचा बोल नको. कारण कोणाला सांगितलं नाही. सुरभी म्हणाली, आई, बायांना सांग तरी. ती म्हणाली, सांगितलं तर तक्रारीचं सांगावं लागेल.

आता ही चूक आमच्याकडचाच माणूस करू शकतो. ज्या गावात फक्त सुतकाच्या घरापुढून डबा मागे घेतात, त्या गावात तिने डबा सगळ्यांपुढून मागे घेतला.

पहिल्या दिवशी कोणी काही बोललं नाही. प्रत्येक बाई आपलं तिखट भरून थोडी घुटमळली, खांबाकडे पाहिलं आणि निघून गेली. प्रत्येकीला वाटलं, आपल्याच घराला वगळलं. कोणाला वाटलं, मागे भावकीत वाद झाला म्हणून. कोणाला वाटलं, मुलाने दुसऱ्या जातीत लग्न केलं ते हिला खुपलं. लाज अशी की एकीने दुसरीला विचारलं नाही. रांग कमी होत गेली. जयवंताबाईला वाटलं, लाल अक्षरांमुळे. बायांना वाटलं, हिला आपण नकोशा झालो.

ही कोंडी फोडली सुलोचनाने. सुलोचना म्हणजे बाजूच्या आळीतली, रोशनची आई, अंगाने आडवी, आवाजाने उभी. ती होळीनंतर लगेच मिरची कांडून घेऊन गेली होती, तेव्हा डबा जागेवर होता आणि तिने चांगली भरघोस मूठ टाकली होती. आता लेकीसाठी म्हणून दुसऱ्यांदा मिरची घेऊन आली. मी त्या दिवशी निंबाखाली बसलेलो होतो. कांडून झालं, चाळून झालं. सुलोचना मूठ वळून उभी. समोर डबा नाही.

"डबा?"

"राहू दे यंदा," जयवंताबाई पिशवीचं तोंड बांधत म्हणाली.

"काऊन वो जयवंता? माह्या घरी कोन मेलं?"

मुसळं थांबली होती, म्हणून हे रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत गेलं. जयवंताबाईने मान वर केली नाही. सुलोचनाने मूठ तशीच धरून ठेवली होती, बोटांतून तिखट गळत होतं. तिने विचारलं की आपण आजवर हिचं काय वाईट केलं. मागून दुसरी बोलली, माझ्यापुढेही नाही धरला. मग तिसरी. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. तुझाही नाही? अन् तुझा?

शेवटी सुरभीने फोन पुढे केला आणि ती लाल अक्षरं वाचून दाखवली. आईला आवडलं नाही, पण आता इलाज नव्हता. सांगितलं की कोणीतरी तूट आल्याची तक्रार केली, नाव कळत नाही, म्हणून आईने मूठच बंद केली.

मी प्रत्येकीचा चेहरा पाहत होतो, माझी ती खोडच आहे. सगळ्यात आधी रंग उतरला तो सुलोचनाचा.

"थांबा वो," ती म्हणाली. "रोशननं मले इचारलं होतं. माय, तिखट किती भरलं म्हने. मी घरच्या काट्यावर टाकून सांगतलं. मले वाटलं पोट्टा सहज इचारून राह्यला, घरची आठवन आली असन त्याले."

तिने तिथेच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. रोशन मिटिंगमध्ये होता, हळू बोलत होता. हो, म्हणाला, पैसे भरल्यावर दुसऱ्या दिवशी फोनवर प्रश्न आला होता. वजन पूर्ण मिळालं का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. तू सांगितलं ते पावतीवरच्या वजनापेक्षा कमीच होतं, म्हणून मी नाही दाबलं.

"म्हंजे तूनं जयवंतामावशीची तक्रार केली."

"नाई ना माय. मी तक्रार कायले करू? मी तर प्रश्नाचं उत्तर देल्लं."

त्याचं बोलणं मला पटलं. त्या पोराची चूक एवढीच की त्याला विचारलं आणि त्याने खरं सांगितलं. पण उत्तर ज्याला द्यायचं त्याला सोडून भलत्यालाच दिलं. प्रश्न जयवंताबाईने विचारला असता तर उत्तर ऐकून तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं की घट किती आणि मूठ कोणाची. तिला प्रश्नही कळला नाही आणि उत्तरही कळलं नाही. फक्त शिक्षा कळली.

सुलोचनाने पोराला मुठीचं सगळं पुन्हा समजावलं, लहानपणी त्याने महाप्रसादात किती वेळा भाजी मागून घेतली होती त्याच्यासकट. तो ओशाळला. लगेच तक्रार मागे घेतो म्हणाला, फोन चालू ठेवूनच काहीतरी दाबत राहिला. मग वाचून दाखवलं: आपली तक्रार निकाली निघालेली आहे, सहकार्याबद्दल आभार. पुढे काही करता येत नव्हतं. जयवंताबाई फोनकडे वाकून म्हणाली, "राहू दे बापा रोशन. तू जेवत जा बरोबर." आणि आत गेली.

डबा घेऊन आली. सुलोचनाची मूठ अजून मिटलेलीच होती.

त्या दिवसानंतर ज्या बायांनी मधल्या काळात डब्याशिवाय तिखट नेलं होतं, त्या वाटीत घेऊन आल्या, पदराखाली झाकून, जशी काही चोरीच. काही जणी दोनदा आल्या असाव्यात. जयवंताबाईने मोजलं नाही.

पेटी मात्र तिने परत केली. आदेश न्यायला आला तेव्हा त्याला चहा दिला, त्याच्यावर तिचा राग नव्हता. फोनने पैसे घेणं तिने बंद केलेलं नाही, बँकेचा साधा छापील चौकोन खांबाला चिकटवला आहे. त्यावर पैसे येतात आणि तो कोणाला प्रश्न विचारत नाही, एवढं तिला पुरे आहे. आधी तिखट हातात, मग मूठ, मग पैसे, असा क्रम तिने लावला आहे. आणि आता ती प्रत्येकीला नंबर विचारते. सुरभीने आईच्या फोनमध्ये ते नावाने नव्हे तर आईला आठवतील तसे घातले आहेत: कमी मीठ. मोठी जाऊ. पिपरीची खोकलावाली. मी कुठल्या नावाने आहे ते दाखवायला तिने नकार दिला.

इथे गोष्ट गोड संपली असती. पण आदेश चहा पिताना एक गोष्ट बोलून गेला. तारे गळाले की कंपनी त्या दुकानाच्या ग्राहकांना आपणहून निरोप पाठवते: या दुकानात वजनाची तक्रार आहे, जवळच अमुक ठिकाणी सवलत मिळेल. अमुक ठिकाण म्हणजे वर्ध्यातलं ते गरगर फिरणारं मोठं मशीन. त्याचा आणि कंपनीचा काय करार ते आदेशला माहीत नव्हतं. असं पाहा, बाईने तिच्या बायांना निरोप द्यायचा तर महिन्याची रक्कम. तिच्याविरुद्धचा निरोप मात्र फुकट.

गावातल्या बायांनी तो निरोप वाचलाच नाही, कारण फोन मुलांचे. त्या सुलोचनाच्या आवाजाने परत आल्या. पण गावाबाहेरचं काय? वर्ध्याहून एक मॅडम यायच्या. शिक्षिका असाव्यात, बोलण्यावरून. पांढरी गाडी, चार घरची मिरची चार रंगांच्या फडक्यांत बांधलेली. पांढरपेशा बाई, पण निंबाखाली रांगेत उभी राहायची, शिंकायची, हसायची. डबा पुढे आला की चारही घरांच्या चार वेगळ्या मुठी टाकायची आणि सांगायची, ही आमच्या वल्लरीची, ही वरच्या मजल्यावरच्या आजींची. स्वतःची टाकताना नाव घ्यायची नाही, नुसती हसायची. यंदा माघात येऊन हळद कांडून नेली, फोनने पैसे दिले आणि होळीनंतर मिरची घेऊन येते म्हणाली. आली नाही.

जयवंताबाईला शेजारणीचं नाव माहीत आहे, वरच्या आजींना गुडघेदुखी आहे हे माहीत आहे, पण मॅडमचं नाव माहीत नाही. इतकी वर्षं "मॅडम" पुरत होतं. नंबर नाही. कंपनीकडे दोन्ही आहे. पेटी परत केली तेव्हा तेही पेटीबरोबर गेलं.

हनुमान जयंतीला भाजी झाली. कढईवर तर्री आली, पंगत बसली, रूपराव पहिल्या पंगतीत. मला तर दरवर्षीसारखीच लागली. जयवंताबाई वाढता वाढता माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "चार मुठी कमी हायेत."

मी चिडवलं, जिभेवर कळते का तुला?

"जिभेवर कायचं कळते. मले माहीत हाय म्हनून कळते."

आणि पुढच्या पानावर गेली.

म्हणून हे लिहिलं. हे वाचणाऱ्यांत त्या मॅडम असतील, किंवा वल्लरी नावाची त्यांची शेजारीण, किंवा त्यांना ओळखणारं कोणी. तर ऐका. तुमच्या फोनवर आलेला तो निरोप खरा नाही. तूट नव्हती, तुम्हीच दरवर्षी हसत टाकता ती मूठ होती. एकदा आंजीला जा. मिरची दुसरीकडे कांडून झाली असेल तर नुसत्या जा, घरून वाटीभर तिखट घेऊन. पैशाचं काम नाही. डबा पुढे येईल, त्यात मूठ टाका, आणि या वेळी तुमचं नाव सांगून या.